गळाला लागलेली बाळंतीण

"घाई नको. यायचं तेव्हा येईल."

हे सिस्टर वॉर्डात बाळंतिणीच्या नवऱ्याला सांगायच्या, आणि बोटीत बसल्यावर मला. सूर दोन्हीकडे तोच. आणि दोन्हीकडे खरी घाई त्यांनाच असायची.

मी ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात पोर्टर होतो. ट्रॉली ढकलायची, पेशंट इकडून तिकडे न्यायचे. शिक्षण सातवी, त्यामुळे लिहिण्यात काही वाकडंतिकडं आलं तर सोसून घ्या. सिस्टर तिथल्या बाळंतपणाच्या वॉर्डच्या मुख्य, आणि राहायला आमच्या शेजारी, भिंतीला भिंत. मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण नर्सिंग शिकल्या स्कॉटलंडात. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "कळा देताना बायका नवऱ्यांना काय काय म्हणतात ते रोज ऐकते मी. कशाला करू?"

स्कॉटलंडात त्यांना एक नाद लागला होता. एप्रिल आला की तिथल्या एका मोठ्या तळ्यावर जायचं. तळं कसलं, खाडीच म्हणा. तिकडचे लोक त्याला लॉख म्हणतात. बोट भाड्यानं घ्यायची, इंजिन अगदी मंद ठेवायचं, मागे दोन गळ लांबवर सोडायचे आणि दिवसभर काठाकाठानं फिरायचं. गळाला रंगवलेला लाकडी मासा. तो पाण्यात लचकत येतो आणि ट्राउट नाहीतर सॅमन त्याच्यावर झडप घालतो. निदान घालावी अशी अपेक्षा. बाकी वेळ थंडीत कुडकुडत बसायचं. गोरे लोक याला सुट्टी म्हणतात.

सिस्टरना गाडी चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून एकोणीसशे ऐंशीनंतर दर ईस्टरला मी, माझी बायको कमल आणि सिस्टर असे तिघं निघायचो. सिस्टरचा वेष ठरलेला: साडी, नऊवारी नाही, पाचवारीच, पण ती गुडघ्यापर्यंत खोचलेली, खाली रबरी बूट, वर हॉस्पिटलचा निळा कार्डिगन. लाल नाकाच्या स्कॉटिश बोटवाल्यानं पहिल्यांदा हे ध्यान पाहिलं तेव्हा टोपी काढली. भीतीनं काढली की आदरानं, ते मला आजवर कळलेलं नाही.

एरवी सिस्टर मला 'भाऊ' आणि 'अहो' म्हणायच्या. मासा लागला की सगळं 'अरे' वर यायचं. गळाचं रीळ कर्रर्र करून फिरलं की त्या उभ्याच राहायच्या.

"थांब! आत्ता ओढू नकोस! श्वास घे. घेतलास? आता लाव जोर! शाब्बास! डोकं दिसलं, डोकं दिसलं!"

एकदा एवढा आरडाओरडा करून बाहेर काय आलं, तर बुडलेल्या झाडाची फांदी. शेंडा पाण्यात, बुंधा वर. सिस्टरनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "पायाळू निघालं." कमल बोटीत आडवी पडून हसली. बोटवाल्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

इतक्या वर्षांत हाती आले ते चार वीत-वीतभर ट्राउट. सॅमन एकही नाही. वॉर्डातले डॉक्टर टोमणा मारायचे, "सिस्टर, मासा दिसला का?" सिस्टर म्हणायच्या, "त्यानं मला पाहिलंय. येईल."

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. बघा आठवून.

मग कमलला कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, आणि तिनं खाणंच सोडलं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं नाही तर पुढची ट्रीटमेंट देता येणार नाही. स्पष्ट सांगितलं. मला स्पष्ट आवडतं, पण त्या दिवशी नाही आवडलं.

सिस्टर सकाळ-संध्याकाळ मागच्या दारानं यायच्या. कधी पेज, कधी सार, कधी मऊ भात. "वहिनी, दोन घास. माझ्यासाठी." कमल म्हणायची, "नाही हो जात." एकदा वैतागून म्हणाली, "पाण्यातून आत्ता काढलेला मासा असता तर खाल्ला असता." सिस्टरना घालवायला म्हणाली ती. मला कळलं. सिस्टरना नाही कळलं.

"आणते," त्या म्हणाल्या. "सॅमन आणते. माझ्या हातानं."

मी म्हटलं, "दुकानात मिळतो की."

"बर्फातलं प्रेत! ते घालू का वहिनींना?"

कमल म्हणाली, मीही येते. सिस्टरनी रजा टाकली. कमलला तीन ब्लँकेटांत गुंडाळून बोटीत ठेवली. पहिले सगळे दिवस कोरडे गेले. शेवटच्या दिवशी, परत निघायची वेळ झाली असताना, रीळ ओरडलं.

ते ओरडणं वेगळं होतं. दोरी सुटतच गेली. सिस्टरनी गळाचा दांडा माझ्या हातातून हिसकावला. श्वास घे, जोर लाव, सगळं स्वतःलाच सांगत होत्या. शेवटी जाळ्यात आला. हाताएवढा लांब, चांदीसारखा. सिस्टर रडायच्याच बाकी होत्या. त्यांनी मासा मारायचा लाकडी दंडुका उचलला.

बोटवाल्यानं त्यांचा हात धरला. "नो, सिस्टर. केल्ट आहे. सोडावी लागेल."

"केल्ट म्हणजे काय?"

त्यानं सांगितलं ते असं. ही मादी. हिवाळ्यात वर नदीत जाऊन अंडी घालून आलीय, आता समुद्राकडे परत चाललीय. नुसती लांब आहे, अंगात काही नाही. हिला मारायला कायद्यानं बंदी आहे.

सिस्टरनी माशाच्या पोटावरून अंगठा फिरवला. पोट सैल, आत गेलेलं. दंडुका खाली ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "बाळंतीण आहे ही."

मी म्हटलं, "सिस्टर, कोण बघतंय इथे?" मला कायदा नको होता. मला कमलनं खायला हवं होतं.

सिस्टरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग त्या बाह्या वर करून बोटीच्या काठावर ओणव्या झाल्या आणि बर्फासारख्या पाण्यात तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, दम येईपर्यंत. वर बोटवाल्यालाच झापत होत्या. "किती वाळलीय बघ! काय खायला मिळतं हिला इथे?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "गोड्या पाण्यात आल्यापासून सॅमन खातच नाही. महिनोन् महिने. समुद्रात पोचल्यावर खाईल."

ब्लँकेटातून कमल बोलली, "मग गळ कशाला धरला?"

"कुणालाच माहीत नाही, मॅडम."

"मला माहीत आहे," कमल मराठीत म्हणाली. "हिच्याही मागे कुणी सिस्टर लागली असेल, खा खा म्हणून. वैतागून चावली बिचारी."

सिस्टर आधी चिडल्या, मग हसल्या, आणि त्या हसण्यात मासा हातातून निसटला. शेपटीचा एक फटका, सगळं पाणी माझ्या तोंडावर, आणि गेली.

सिस्टरचे हात लाल झाले होते आणि त्या हातांकडेच बघत होत्या. दिलेला शब्द गेला होता. बोटवाल्याला काय करावं कळेना. त्यानं आपला डबा उघडला आणि कमलपुढे धरला. थंडगार अंड्याचं सँडविच, कडा वाळलेल्या. कमलनं एक उचललं. परक्या माणसानं पुढे केलेल्याला नाही म्हणायचं नसतं, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. एक घास घेतला. मग दुसरा. अख्खं खाल्लं, आणि डब्यात डोकावून बघितलं.

सिस्टर मला कुजबुजल्या, "मी सुंठ घालून, तूप घालून पेज करते, ती नाही. आणि या लालनाक्याचं..." काठावर उतरल्यावर बोटवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय घातलंस त्यात?"

"अंडं."

"आणि?"

"मीठ."

घरी आल्यावर सिस्टर रोज तसंच सँडविच करायच्या. कडा वाळाव्यात म्हणून तासभर उघडं ठेवायच्या. वजन वाढलं, ट्रीटमेंट मिळाली. तेवढ्यावर आम्हाला आणखी एक ईस्टर मिळाला. त्यानंतरचा नाही मिळाला.

कमल गेल्यावर मी सिंकपाशी उभ्यानंच खायचो. ताट कुणासाठी वाढायचं? सिस्टर मागच्या दारातून यायच्या, म्हणायच्या, "घोडे उभ्यानं खातात. बसा." आणि मी संपवेपर्यंत समोर बसायच्या. सॅमन त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. मिळाली ती एकच, ती सोडली.

सिस्टरही गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं आलंय, नवं बाळ घेऊन. परवा मी सिंकपाशी टोस्ट खात उभा होतो. भिंतीपलीकडे बाळ रडलं. मी खुर्ची ओढली आणि बसलो.