स्कूटरच्या पैशांचा कॉम्प्युटर

तारीख ५ मार्च १९८९, रविवार. रक्कम बारा हजार रुपये, रोख. हजर माणसे चार: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि कॉम्प्युटर विकणारे सीताबर्डीवरचे कर सल्लागार. त्यांच्या ऑफिसात नवी मोठी मशीन आली होती, म्हणून जुनी काढायची होती. तिला हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी घालायच्या दोन खाचा होत्या आणि हिरव्या अक्षरांचा पडदा होता. प्रिंटर या सौद्यात नव्हता.

हे बारा हजार स्कूटरचे होते. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हिशेब लिहीत असे आणि रोज सायकलने जात असे. अमरावती रोडवर ट्रकांच्या मधून सायकल काढणे तेव्हाही सुखाचे नव्हते. चार वर्षे आम्ही दोघांनी पगारातून थोडे थोडे बाजूला टाकले होते. तेच पैसे मी त्या दिवशी मोजून दिले. मेहुणा हिंगण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. ऑटोत पडदा मांडीवर धरून बसल्यावर त्याने मला विचारले, "भाऊजी, याले किक कुठून मारायची?"

बायको पुढे बघत म्हणाली, "किक तुमचे भाऊजी मारतीन. गाडी मले चालवायची आहे."

खरेदीचे कारण तिची नोकरी हे होते. एका सहकारी संस्थेच्या मुख्य कार्यालयात ती चौदा वर्षे मराठी टायपिस्ट होती. त्या जानेवारीत तिथे एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आला. ज्या कंपनीने तो दिला तिच्या माणसाने सांगितले की इंग्रजी आत्तापासून चालेल, मराठीसाठी आत वेगळी सर्किटची पाटी, म्हणजे कार्ड, बसवावी लागेल, आणि तिची किंमत जवळपास अर्ध्या कॉम्प्युटरएवढी. साहेबांनी हिशेब केला. इंग्रजी पत्रे कॉम्प्युटरवर, मराठी पत्रे बाहेरून टाइप करून आणायची, आणि मराठी टाइपरायटर काढून टाकायचा. एक जुलैपासून बायकोने आवक-जावकमध्ये बसायचे होते.

पगार तोच राहणार होता. लोक तेच सांगत होते, की पगार तर तोच आहे. पण तिची आई विडी कारखान्यात पाने कापता कापता म्हातारी झाली होती, आणि तिच्या दोन्ही घराण्यांत टाइपरायटरसमोर बसलेली ती पहिली बाई. पाकिटांना डिंक लावायला तिचे मन घेईना. ती घरी हे फार बोलली नाही. एका रात्री जेवताना एवढेच म्हणाली, "चौदा वर्षं माझ्या हातची चिठ्ठी जिल्हाभर गेली. आता मी फक्त तिकीट चिकटवीन."

मी तेव्हा सहा महिने संध्याकाळच्या वर्गात प्रोग्रॅम लिहायला शिकत होतो. शिकवणाऱ्या मास्तरांकडे या मशीनचे जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. त्यात मला एक गोष्ट सापडली होती. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर म्हणजे आठ ओळी आणि आठ उभ्या रांगांची चौकट, आणि त्यातले काही ठिपके पेटलेले. कुठले ठिपके पेटवायचे हे कॉम्प्युटर मेमरीतल्या एका जागी बघतो. इंग्रजी अक्षरे कायमची असतात. पण त्यांच्या पलीकडे आणखी एकशे अठ्ठावीस आकारांची सोय असते, आणि ते आकार कुठून उचलायचे ती जागा आपल्याला बदलता येते. तिथे आपण आपले आकार ठेवले तर यंत्र निमूटपणे तेच दाखवते. चौकटीची प्रत्येक ओळ म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्नमधला एक आकडा. म्हणजे 'क' झाला आठ आकड्यांचा. हिशेबनिसाला हे ऐकून जो आनंद होतो तो मी सांगू शकणार नाही.

मशीन घरी आल्यावर पहिला अडथळा मोजणीचाच आला. साधी अक्षरे, काना-मात्रा, जोडाक्षरे असे लिहीत गेलो तर यादी पाचशेच्या वर गेली. जागा होत्या एकशे अठ्ठावीस. मी कागद घेऊन बसलो होतो. बायको पोळ्या लाटत होती.

"काय झालं?"

"पाचशे आकार लागतात. मावत नाहीत."

"आमच्या टाइपरायटरवर का पाचशे बटनं आहेत?"

मी वर बघितले. तिने लाटणे तसेच हातात धरून सांगितले. टाइपरायटरवर 'म' नसतोच. अर्धा म असतो, त्याला काना लावला की म होतो. अर्धा स, काना लावला की स. काना न लावता पुढचे अक्षर मारले की जोडाक्षर. मात्रेची कळ दाबली की कागद धरणारी गाडी पुढे सरकत नाही, म्हणून मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते.

"कळा किती?"

"शेहेचाळीस. एकीवर दोन."

ब्याण्णव. मी तो आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आमच्या गोदामात ताळेबंद जुळला की तशाच मारतो.

एप्रिल त्यातच गेला. शिरोरेषा सगळ्या अक्षरांत एकाच ओळीवर आली पाहिजे, नाही तर शब्द पायऱ्यांसारखा दिसतो. 'झ'ला आठ रांगा पुरत नव्हत्या. तो मी पाच वेळा काढला आणि अजूनही तो मला फारसा आवडत नाही. मात्रांसाठी आकारावर आकार ठेवायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मग सगळे आकार कळांवर नीट बसवले. पहिल्या रांगेत क ख ग घ, दुसरीत च छ ज झ, असे ओळीने. कोणीही बघावे आणि अक्षर सापडावे, अशी माझी समजूत.

बायको खुर्चीवर बसली. तिने पदर खोचला, कळांवर हात ठेवले आणि पडद्याकडे न बघता एक ओळ मारली. मग पडद्याकडे बघितले. तिथे जे उमटले होते त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता.

"हे काय करून ठेवलं तुमी?"

"वर्णमालेप्रमाणे लावलं आहे. शोधायला सोपं."

"मी का बालवाडीत बसली आहो? मले शोधायचंच नाही. माझी बोटं जातात तिथं अक्षर पाहिजे."

मेहुणा पंख्याखाली बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "भाऊजी, तुमी घराचे स्विच कंदील-दिवा-पंखा असे बाराखडीनं लावले असते. अंधारात हात जाते तिथं स्विच पाहिजे ना."

"तू चहा पी गा," मी म्हणालो. पण त्याचे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीवरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मराठी कळांचा छापील तक्ता आणला. त्याप्रमाणे लावले, तर बरेचसे जुळले आणि काही जुळेना. तिच्या ऑफिसातला टाइपरायटर वेगळ्या बनावटीचा होता. शेवटच्या काही कळा त्याच्यात वेगळ्या होत्या, आणि चौदा वर्षांत त्यांच्यावरची अक्षरे घासून गेली होती. बघून लिहून आण म्हणावे तर बघायला काही उरलेले नव्हते.

"मग 'ऋ' कुठं आहे?" मी विचारले.

"मले नका विचारू. बोटाले विचारा. विचार केला का ते विसरते."

तेव्हा मी एक युक्ती केली. मी वर्तमानपत्रातली वाक्ये मोठ्याने वाचायची आणि तिने नेहमीच्या वेगाने मारत जायचे. ज्या ठिकाणी चुकीचे अक्षर उमटेल तिथे तिचे बोट कुठल्या कळेवर गेले होते ते कॉम्प्युटरच सांगत होता. ऋतू, ऋण, कृषी, श्रमिक, ज्ञान, असे शब्द मी मुद्दाम शोधून काढत होतो. ती पडद्याकडे पाठ करून बसल्यासारखी, खिडकीबाहेर बघत, मारत जायची. तिच्या बोटांत एकही अक्षर जागा सोडून नव्हते. चूक सापडली ती प्रत्येक वेळी माझ्या यादीत. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढे लोकांनी मला शाबासकी दिली आणि ती अर्धीच खरी होती.

मे आला. दुपारी चारला कूलर लावल्याशिवाय आमच्या खोलीत बसणे अशक्य. मी कॉम्प्युटर कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवला, म्हटले त्यालाही गार वाटू दे. पहिल्याच रविवारी कूलरची मोटर सुरू झाली, दिवा मिणमिणला आणि पडदा काळा झाला. दुपारभराचे काम गेले, कारण मी फ्लॉपीवर उतरवले नव्हते. संध्याकाळी मेहुणा आला. कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवून त्याने ओला तळवा मला दाखवला.

"याले आंघोळ काहून घालून राहिले, भाऊजी? आणि दोघायले एकाच लाइनवर ठेवलं. मोटर उचलते तेव्हा याच्या तोंडचा घास घेते."

वेगळी लाइन टाकायला तेव्हा हाताशी पैसे नव्हते. म्हणून ठरले की कॉम्प्युटर चालू असेल तोवर कूलर बंद. बायको मानेवर ओला पंचा घेऊन सराव करायची. मी हाताने पंखा घालायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "तुमचा पंखा माझ्या डोळ्यापुढं हालते. सरका."

शेवटची अडचण अशी आली की मी ती कधी मनात आणली नव्हती. ती वेगाने टाइप करू लागली आणि कॉम्प्युटर पीं पीं ओरडू लागला. पुस्तकात बघितले. आपण दाबलेल्या कळा तो थोड्या साठवून ठेवतो. एक आकार पडद्यावर काढेपर्यंत पुढच्या कळा आल्या आणि साठवण भरली, तर तो ओरडतो आणि जास्तीच्या कळा टाकून देतो. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमला तिचा वेग झेपत नव्हता.

"काय म्हणून राहिली ही?" तिने विचारले.

"जरा हळू म्हणते."

ती हसली. त्या जानेवारीपासून मी तिला तशी हसताना पाहिले नव्हते. मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. मात्रा लावलेली नेहमीची अक्षरे आधीच तयार करून ठेवली, म्हणजे दर वेळी नव्याने जोडायला नको. ओरडणे कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. तिने सांगितले की राहू द्या, पूर्णविरामाशी मी क्षणभर थांबत जाईन.

जूनमध्ये तिने साहेबांकडे अर्धा तास मागितला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या कार्यालयात गेलो. साहेब होते, रोखपाल होते, आणि कंपनीचा माणूसही त्याच दिवशी प्रिंटर बघायला आला होता. त्यांचा कॉम्प्युटर आमच्याच जातीचा, फक्त नवा. मी फ्लॉपी घातली, प्रोग्रॅम सुरू केला आणि दारापाशी जाऊन उभा राहिलो. पुढचे काम माझे नव्हते.

साहेबांनी टेबलावरचे एक उत्तर द्यायचे राहिलेले पत्र उचलले आणि मजकूर सांगायला लागले. लांब वाक्ये सांगायची त्यांना सवय होती. ती मारत गेली. हिरव्या पडद्यावर शिरोरेषा डावीकडून उजवीकडे धावत होती आणि मी प्रत्येक अक्षर ओळखत होतो, जसे आपण गर्दीत नातेवाईक ओळखतो. तिसऱ्या वाक्यात कॉम्प्युटर ओरडला.

कंपनीचा माणूस पुढे झाला. "बघा, काहीतरी बिघडलं."

"बिघडलं नाही, सर," ती म्हणाली. "मागे राहिली बिचारी. येऊ द्या तिला." तिने हात वर उचलून धरले, अक्षरे येऊन मिळाली, आणि ती पुढे निघाली.

पडदा जसाच्या तसा प्रिंटरवर उमटवायची सोय मशीनमध्येच होती. प्रिंटर बराच वेळ किरकिरत राहिला. साहेबांनी कागद फाडून खिडकीपाशी नेला.

"अक्षर जरा जाड आहे, बाई."

"वाचता येतं ना, साहेब?"

ते पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचत गेले. एकदा थांबले तेव्हा मला वाटले, 'झ' दिसला. पण ते स्वतःच्याच वाक्यावर थांबले होते. एक शब्द बदलायला सांगितला. तिने बदलला, पुन्हा छापला. साहेबांनी खिशातले पेन काढून सही केली आणि पत्र शिपायाकडे दिले.

"आजच्या टपालात टाक," ते म्हणाले. मग रोखपालांकडे वळून, "आवक-जावकला दुसरं कोणी बघा."

बायकोने मशीनवर झाकण घातले. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मीही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. बाहेर आल्यावर मी सायकल काढली. ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "संध्याकाळी टरबूज आणा. चांगलं ठोकून बघा."

त्या फ्लॉपीसाठी संस्थेने मानधन मंजूर केले, पाचशे रुपये. जुलैत रोखपालांनी मला बोलावले. व्हाउचरवर नाव माझे होते. मी ते परत केले. सांगितले की आकार मी काढले असतील, पण कोणती कळ कुठे हे सगळे तिचे, आणि त्याशिवाय ही फ्लॉपी कोणाच्या उपयोगाची नाही.

"अहो, घर तर तुमचं एकच आहे ना?" रोखपाल म्हणाले. "त्या आमच्या कर्मचारी. त्यांच्या नावे काढायचं म्हणजे साहेबांची वेगळी मंजुरी, पुन्हा टिपणी. काहून त्रास घेता?"

"टिपणी तीच टाइप करेल," मी म्हणालो. "मराठीत."

मंजुरीला तीन आठवडे लागले. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी पाचशे रुपये तिच्या नावे दिले गेले, रेव्हेन्यू तिकिटावर तिची सही घेऊन. त्यातले एकशे दहा तिने त्याच रविवारी वायरमनला दिले, कॉम्प्युटरची वेगळी लाइन टाकण्याबद्दल. मेहुण्याने फुकट टाकतो म्हटले होते. तिने ऐकले नाही.