नोकरी भावाला, विमाही भावाला

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीशी धरला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही शॅडो दिसते? इथे कॅव्हिटी आहे." शॅडो म्हणजे सावली, आणि कॅव्हिटी म्हणजे फुप्फुसाला पडलेलं भोक. मला त्या फोटोत काही कळेना. यांचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं. क्षय होता.

खोकला जुनाच होता. हे कुर्ल्याच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते, आणि तिथे खोकत नाही तो माणूस नवखा समजला जायचा. संध्याकाळी ताप येऊ लागला, तोही आम्ही दमणुकीवर ढकलला. धोतराच्या सोग्यावर रक्त दिसलं तेव्हा मात्र मी हट्टाने यांना विम्याच्या दवाखान्यात नेलं.

कामगारांचा सरकारी विमा तेव्हा नवाच आला होता. पगारातून पैसे कापले जात म्हणून सगळे कुरकुरत. पण त्याच विम्यावर यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागलं. म्हणजे क्षयाचे जंतू मारणारं इंजेक्शन, बाजारात आमच्यासारख्यांनी भावसुद्धा विचारू नये असं. शिवाय पीएएसच्या गोळ्या. त्या मूठमूठ गिळायच्या आणि वर ओकारी दाबून बसायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "औषध मध्येच सोडायचं नाही. सोडलंत तर जंतू निर्ढावतात, मग हेच औषध लागू पडत नाही." एवढं वाक्य मी पाठ करून ठेवलं.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत बातमी लपली नाही. नळावर माझी कळशी आली की बायका आपापल्या कळश्या बाजूला ओढत. मला संताप यायचा, पण त्यांच्याही घरात लेकरं होती.

एक दिवस यांच्या खात्याचा मुकादम आला. आमच्याच गावचा, जवळचा माणूस. यांनी तोवर गिरणीत साधी रजा टाकली होती, आजार सांगितला नव्हता. मुकादम म्हणाला, "सायबाक कळाच्या आधी राजीनामो दी. तुझ्या जाग्यार वासूक लावतंय. घरातली चूल तरी पेटती रवात."

वासू म्हणजे माझा धाकटा दीर. शाळा सोडून कामाच्या शोधात फिरत होता. माणूस आजारी पडला की त्याने जागा सोडायची आणि घरातल्या दुसऱ्याने धरायची, ही गिरणीतली जुनी रीत. यांनाही जागा अशीच मामांकडून मिळाली होती. मुकादमाच्या मनात काळंबेरं नव्हतं. हे दुसऱ्याच दिवशी जाऊन सही करून आले, आणि वासू कामाला लागला. त्या आठवड्यात आम्ही सगळे सुखाने जेवलो.

मागे कापलेल्या पैशांवर औषध काही महिने चालू राहिलं. ताप उतरला. यांच्या गालांवर जरा मांस धरलं, चहाला साखर कमी पडली म्हणून माझ्यावर ओरडायलाही लागले. मी म्हटलं, आता हे बरे होणार.

आणि मग दवाखान्याच्या खिडकीवर कारकुनाने सांगितलं की यांचं नाव आता चालू नाही. मी भांडले. पैसे यांच्या पगारातून कापले, मग विमा यांचा नव्हे का? कारकून बिचारा हळूच बोलला, "बाई, विमा माणसाचा नसतो. नोकरीचा असतो."

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. राजीनामा दिला हे ऐकून ते खुर्चीत बसलेच. आजार सांगून रजेवर राहिले असते तर अर्ध्याच्या आसपास पगार मिळाला असता, आणि त्या काळात कोणी कामावरून काढू शकलं नसतं, असं म्हणाले. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात असं दुखणं आलं तर एवढं ऐका: कितीही जवळचा माणूस सांगो, सही करू नका. आधी दवाखान्यात विचारा.

वासूच्या विम्यावर यांना औषध मिळेल का, तेही मी विचारलं. विमा कामगाराचा, घरच्यांचा नाही, असं उत्तर आलं. फुकट इस्पितळात गेलो तर खाटा भरलेल्या, नंबर लागेल तेव्हा या म्हणाले. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी आमची गत. यांच्या फंडाचे पैसे विकतच्या इंजेक्शनांत गेले. ते संपले, आणि संध्याकाळचा ताप परत आला.

तेव्हा वासूने एक ठरवलं. आपणच खोकत दवाखान्यात जायचं, गोळ्या मिळाल्या की भावाला आणून द्यायच्या. यांनीच त्याला शिकवलं. खांद्याच्या मागे कुठे दुखतं, झोपेत घाम कसा येतो, दम कुठल्या पायरीवर लागतो. दोघे भाऊ खाटेवर बसून खोकायचा सराव करत होते, आणि मध्येच दोघांना हसू येत होतं. मी भाकऱ्या थापत होते. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी वासूला नीट तपासलं. घरात क्षयाचा रोगी आहे म्हणून काळजीने फोटोही काढायला लावला. फोटोचा निकाल घ्यायला गेलेला वासू दुपारी परतला तो नापास झालेल्या पोरासारखा उंबऱ्यात उभा राहिला.

"वयनी, छाती साफ आसा माझी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालो, देवाचे आभार मान."

खाटेवरून यांनी हात जोडले. "बरा झाला रे," म्हणाले, आणि खोकल्याची उबळ आली तशी भिंतीकडे वळले.

मी हात जोडले नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा वासू एवढासा होता, मी त्याला भरवलं आहे. तो धडधाकट समोर उभा होता, आणि मला वाईट वाटलं.