मी त्या वेळी खोलीबाहेर होतो

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. घरच्याच टेबलावर, संगणकासमोर, पण मीटिंगच. निवृत्त झालो तरी दिल्लीची एखादी समिती अजून बोलावते आणि मलाही नाही म्हणवत नाही. मोबाइलवर शालूवहिनींचं, त्याच्या बायकोचं, नाव तीनदा उमटलं. तिन्ही वेळा मी फोन उलटा ठेवला. नंतर मीच लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. सकाळी गच्चीवर झाडाईले पाणी देऊन राहिले होते..." त्याला आता सहा आठवडे झाले. दिवाकरवर चार चांगले शब्द लिहून द्या असं त्याच्या कॉलेजनं मला सांगितलं आहे. चांगलं लिहायला भरपूर आहे. पण आधी माझं सांगून टाकल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

दिवाकर भोयर भिवापूरकडच्या एका खेड्यातला, घरी मिरचीची शेती. मी नागपूरच्या महाल भागातला, दोन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला. बी.एस्सी.ला एका बाकावर आलो ते सुटलोच नाही. पुढे मी एका मोठ्या संस्थेत लागलो, तो नागपुरातच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला राहिला. डोकं माझ्यापेक्षा त्याचं चांगलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मी ते कुणाला फारसं कळू दिलं नाही. एका वर्षी ऊन लवकर तापलं आणि वडिलांच्या शेतातली मिरचीची फुलं गळाली. तग धरून राहिलेल्या फळांचं बी त्यांनी पुढच्या वर्षी लावलं, तर ती झाडं उन्हाला दाद देईनात. दुसरा कुणी असता तर चांगलं वाण मिळालं म्हणून खूश झाला असता. दिवाकरनं एकाच झाडाच्या उन्हातल्या फांदीचं आणि सावलीतल्या फांदीचं बी वेगळं काढून लावलं. उन्हातलं बी वेगळं वागलं, त्याच्या पुढची पिढीही तशीच. झाड तेच, वाण तेच. मग बियाण्यात हे ऊन कुठे लिहून ठेवलेलं होतं? पुढचं सगळं आयुष्य त्यानं या एका प्रश्नाला दिलं.

ते वाचायला यंत्रं लागतात आणि त्यांचा खर्च कॉलेजच्या आवाक्यातला नव्हता. देशात अगदी नव्या वाटेच्या संशोधनाला सरकारी निधी देणारी जी समिती होती, तिच्यावर मी होतो. मीच त्याला अर्ज करायला लावला. मसुदा वाचून म्हणालो, "दिवाकर, शीर्षकातून मिरची काढ."

"काहून गा? मिरचीची लाज वाटते का तुले?"

"मला नाही. समितीला वाटेल. तिथे शब्द बघतात."

"मी मिरचीवर काम करून राहिलो, तर मिरचीच लिहीन न. बाकीचं तू सांग त्याईले. तू हायेस न तेथं."

मी हो म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

ही समिती कशी चालते ते सांगायला हवं. दोन दिवसांत गठ्ठाभर प्रस्ताव उरकायचे असतात. प्रत्येक प्रस्ताव एका सदस्याकडे दिलेला असतो. तो पाच मिनिटं मांडतो, बाकीच्यांनी बहुधा वाचलेला नसतो. त्यामुळे देशाच्या विज्ञानानं कुठे जायचं हे धोरणाच्या जाड पुस्तकात असतं म्हणतात, ते खरं नाही. ते त्या पाच मिनिटांत कोण तोंड उघडतं यावर असतं. दिवाकरचा प्रस्ताव माझ्याकडेच आला होता. त्या विषयातलं कळणारा खोलीत मी एकटाच होतो.

नियम असा होता की नातेवाइकाचा किंवा ज्याच्याबरोबर शोधनिबंध लिहिलाय अशा माणसाचा प्रस्ताव आला, तर सदस्यानं बाहेर जायचं. दिवाकर माझा नातेवाईक नव्हता, आमच्या दोघांच्या नावावर एक ओळ नव्हती. मैत्रीबद्दल नियम काही बोलत नव्हता. पण अध्यक्षांची मुदत संपत आली होती आणि पुढचं नाव माझं घेतलं जात होतं, हे मला ठाऊक होतं. नागपूरवाल्यानं नागपूरवाल्याची तळी उचलली असं कुणी म्हणायला नको होतं. मी उठलो, म्हणालो, "हे माझे जुने मित्र आहेत, मी बाहेर थांबतो." अध्यक्ष म्हणाले, "अशी शिस्त हवी." मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं.

बाहेर मी चहा घेतला. दारातून आवाज नीट येत नव्हता, हसण्याचा मात्र आला. आत बोलावलं तेव्हा माझ्या शेजारच्या भौतिकशास्त्रज्ञानं सारांशाच्या चार ओळी वाचून निकाल लावला होता... मिरचीचं आहे, कृषी खात्याकडे पाठवावं. कृषी खात्यानं सहा महिन्यांनी कळवलं, हे मूलभूत संशोधन आहे, आमच्याकडे बसत नाही.

सक्करदऱ्याला त्याच्या घरी जाऊन मी म्हणालो, "मी काही करू शकलो नाही रे. मला बाहेर जावं लागलं. नियम आहे." लागलं, हा शब्द मी जपून वापरला. तो म्हणाला, "बरोबर केलं गा. उद्या तुलेच बोट दाखवलं असतं." वर मलाच धीर दिला. पुन्हा त्यानं अर्ज केला नाही. गच्चीवर पिशव्यांत मिरची लावत राहिला, दरसाल बी धरत राहिला. कधीतरी कुणीतरी वाचेल म्हणून.

मी अध्यक्ष झालो. बाहेर गेल्याचा तो किस्सा माझ्या सचोटीचा म्हणून लोक सांगू लागले आणि मी सांगू दिला. माझ्या निरोप समारंभात तर मी स्वतःच सांगितला, नाव न घेता. दिवाकर तिसऱ्या रांगेत बसला होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या.

तेरवी झाल्यावर वहिनींनी बोलावलं. फ्रीजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात, कापडाच्या चिमुकल्या पिशव्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं साल, फांदी, ऊन की सावली. "यंदा मृगात रोप कोण टाकन, भाऊजी? लावलं नाही तर बी मरते म्हणत हे. यातलं मले काही समजत नाही." तेव्हा मला राहवलं नाही. मला बाहेर जावं लागलं नव्हतं, मी गेलो होतो, हे त्यांना सगळं सांगितलं. त्याला सांगायला हवं होतं ते त्याच्या बायकोला सांगितलं, तेही तो गेल्यावर.

त्यांनी हातातल्या पिशव्या सालवार लावल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आत बसले असते, तर काय बोलले असते?"

मी सांगितलं. "हा प्रस्ताव मिरचीचा नाही. आईबापांनी सोसलेलं लेकरांच्या अंगात कसं उतरतं, ते शोधायचा आहे."

वहिनींना वाटलं, अजून पुढे काही आहे.

"येवढंच?" त्या म्हणाल्या.

पिशव्या आता माझ्याकडे आहेत. मृगाला अजून अवकाश आहे. माती आणून ठेवली आहे, रोपं मला जमतील का ते माहीत नाही. फ्रीजच्या दारातच ठेवल्या आहेत, दुधाशेजारी. सकाळी चहाला दूध काढायला गेलो की त्याचं पेन्सिलीचं अक्षर समोर येतं. मी दूध घेतो आणि दार लावून घेतो.