कॅनबेराची नथ

पुण्याची गाडी गोंदियाला येत नाही, ती गोंदियाहूनच सुटते. सुटायच्या बऱ्याच आधीपासून फलाटाला रिकामी लागलेली असते, त्यामुळे निरोप द्यायला आलेल्या माणसांची पंचाईत होते. डोळे भरून येतात, पुसून होतात, सांगायचं ते सांगून होतं, आणि गाडी आपली उभीच. माझ्या वेळी आईनं दोनदा रडून घेतलं आणि मधल्या वेळात डबा उघडून मला पुऱ्या खायला लावल्या. बाबा रेल्वेत फिटर. त्यांनी तो वेळ डब्याखाली वाकून ब्रेकचे ठोकळे बघण्यात घालवला. मुलगा घर सोडून चालला तरी चाकं नीट असली पाहिजेत.

माझ्या मांडीवर बुटांचा खोका होता आणि खोक्यात इंग्रजांचं एक बॉम्बर. वेलिंग्टन. पुठ्ठा, बांबूच्या कामट्या आणि सायकलच्या दुकानातून मागून आणलेला चंदेरी रंग, एवढ्यावर मी ते उभं केलं होतं. आमच्याकडे इंग्रजांच्या वेळची एक धावपट्टी आहे. ती बांधताना आजोबांनी गिट्टी वाहिली, आणि तिथं उतरलेली विमानं ते म्हातारपणी हातवारे करून दाखवत. ते बघून बाकीच्यांना आजोबांचे खांदे आठवायचे, मला विमानं. तर गाडी हलायच्या बेताला आईला वाटलं, पोराच्या मांडीवर ओझं कशाला. तिनं खोका वरच्या फळीवर ठेवला आणि तो पडू नये म्हणून त्यावर चिन्नोर तांदळाची थैली ठेवली. माझं पहिलं बॉम्बर कुठल्याही तोफेनं पाडलेलं नाही. ते तांदळानं पाडलं, तेही भंडारा यायच्या आत.

खिडकीतून आई म्हणाली, "भात खाजो. नुसत्या पोळ्यायनं पोट भरत नाही." बाबा म्हणाले, "पोचला का फोन करजो." पोचलो की फोन केला. आपण पोचलो आहोत की नाही, याबद्दल मात्र मला अजून खात्री नाही.

तुम्ही जे गोंदियातच राहिलात आणि दिवाळीत भेटलो की "आले पुणेकर" म्हणून माझी चहाची बशी उचलून देता, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि तुम्ही जे माझ्यासारखेच इकडे येऊन पडलात आणि "घरी चाललोय" म्हणताना मनातल्या मनात क्षणभर थांबता, कुठल्या घरी ते ठरवायला, त्यांच्यासाठीही.

पुण्यात पहिला मुक्काम खडकीला. बाबांचे एक मित्र तिथल्या कारखान्यात होते, त्यांच्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत मी एक खाट टाकली. त्याआधी मुलाखतीला बाबा सोबत आले होते तेव्हाही आम्ही तिथंच उतरलो होतो. मुलाखत झाल्यावर त्यांनी मला बसनं लोहगावला नेलं. विमानतळाच्या कुंपणाबाहेर, धुळीत, शेंगदाणे खात आम्ही उभे राहिलो आणि डोक्यावरून एक कॅनबेरा बॉम्बर गेलं. घडण इंग्रजांची, नोकरी आपल्या हवाई दलात. इंग्रज जाऊन जमाना झाला होता, हे अजून कामावर होतं. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. बाबा म्हणाले, "पाह्य, किती बी दूर जाते, पण येते वापस इथंच. तुयं बी तसंच असू दे." मी मान हलवली. त्या वयात मान हलवायला काही लागत नाही.

नोकरी लागली ती सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यानं केलेलं काम तपासायचं आणि तो काय विसरला ते सांगायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

पहिल्या पगारातून प्लॅस्टिकचा खराखुरा किट आणला, लँकेस्टरचा. चार इंजिनं, पोट काळं, पाठीवर हिरवे-तपकिरी पट्टे. आता तो हिरवा नेमका कुठला आणि तपकिरी कुठला, यावर जगभरची माणसं इंटरनेटवर भांडतात, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तो वेगळाच दिसतो. मी विचार केला, रंग जगात कुठंतरी असणारच. एका रविवारी रंगवलेला पंख पिशवीत घालून मंडईत गेलो आणि एकेका भाजीला लावून बघायला लागलो. घेवडा फिका, कारलं फार पोपटी, दोडका जवळपास. सुरणापाशी पोचलो तेव्हा गाळ्यावरच्या बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"अहो, भाजी घेताय की पंखाला स्थळ बघताय?"

"रंग जुळवतोय," मी म्हणालो.

"जुळला का?"

"सुरणाशी जुळतोय."

"मग घ्या की पदरात. पावशेर का अर्धा?"

अर्धा किलो सुरण घेऊन मी खडकीला आलो. सुरण कसा करतात हे ठाऊक नव्हतं. चिंच न घालता शिजवला आणि दोन दिवस घसा खाजवत ऑफिसला गेलो. लँकेस्टर मात्र आजही बघा, पाठ अस्सल सुरणाची.

त्यानंतर घरं बदलत गेलो. खडकीहून विश्रांतवाडी, तिथून धनकवडी, मध्ये एकदा पुन्हा खडकीजवळ, मग लग्न, मग कात्रज. प्रत्येक वेळी आधी विमानं कापसात गुंडाळायची, मग भांडी. दरवेळी एखादी अँटेना मोडायची, एखादं चाक ट्रकमध्येच राहायचं. एका घरी पंख्याच्या हुकाला बॉम्बर टांगून ठेवलं होतं आणि घरमालक ते बघायला म्हणून येऊन भाडं वाढवून गेले. माझी बायको मृणाल जन्मानं आणि जिभेनं पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा ते काचेचं कपाट बघून ती म्हणाली, "सगळ्या देशानं यांना हाकललं, आणि तू घरात ठेवून रोज पुसतोस." मी म्हणालो, "विमानांनी कुणाचं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली, "बॉम्बर आहेत ना रे ती?" मी कपाटाची काच पुसायला लागलो.

मग आई गेली. गोंदियाच्या घरी बाबा एकटे राहिले. रूळ घरापासून इतके जवळ की मालगाडी गेली की कपबश्या वाजतात. दर फोनला मी म्हणायचो, "बाबा, इकडं या." दर फोनला ते म्हणायचे, "पाहू." कात्रजचं घर घेताना मी तिसऱ्या खोलीला पहिल्या दिवसापासून 'बाबांची खोली' म्हणत होतो. तिच्यात राहात होती माझी अकरा विमानं, थिनरच्या बाटल्या आणि एक स्प्रेचा पंप. शेवटी मृणालच म्हणाली, "खोली कोणाची ते एकदा ठरव. वडिलांची असेल तर हा विमानांचा हँगर रिकामा कर, आणि विमानांची असेल तर त्यांना उगाच आशा लावू नकोस."

मी खोली रिकामी केली. गोंदियाला जाऊन बाबांना गळ घातली. ते म्हणाले, "येतो. पण राह्याचं मंग पाहू." एवढंही खूप होतं. निघताना भिंतीला टांगलेलं त्यांचं मासे धरायचं जाळं दिसलं. आई असताना ते सुटीच्या दिवशी तलावावर जायचे. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या काठाला शिशाच्या छोट्या छोट्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्यातल्या मूठभर मी मागितल्या.

"कायले?"

"विमानाच्या नाकात घालायला."

"घेऊन जा. मासे खाणारी तं गेली."

त्या गोळ्यांचं काम असं होतं. बाबांच्या खोलीत ठेवायला मी कॅनबेरा करायचं ठरवलं होतं, लोहगावला पाहिलेलं. या विमानाला एक चाक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. किट पोकळ, त्यामुळे नाकात वजन घातलं नाही तर ते मागं झुकतं आणि शेपटी टेकून बसतं, पुढचं चाक हवेत. हे मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून विमानाचे दोन्ही अर्धे भाग चिकटवण्याआधी नाकात शिसं भरायचं. सूचनांच्या कागदावर त्या पायरीभोवती मी स्वतः लाल पेनानं गोल केला होता.

बाबा यायच्या आदल्या आठवड्यात मी घाईला आलो. चिकटवलं, घासलं, रंगवलं, हिरवा आणि करडा, यावेळी मंडईत न जाता. हवाई दलाच्या खुणा लावल्या, काच बसवली. इतकं सुरेख विमान मी तोवर केलं नव्हतं. सकाळी कपाटावर ठेवलं, हात काढला, आणि कॅनबेरा सावकाश मागं कललं आणि शेपटीवर बसलं. पाहुणे सोफ्यात रुतून बसतात तसं.

गोळ्या स्टीलच्या वाटीत होत्या. वाटी टेबलावर होती. आठवडाभर मी त्याच वाटीच्या काठावर ब्रश टेकवत होतो.

मृणालनं विमानाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. "तुला ऑफिसात टेस्टर म्हणतात ना?" एवढंच म्हणून ती कामाला गेली.

बाबा आले, खोलीत पिशवी ठेवली आणि कपाटापाशी गेले. "हे ते लोहगाववालं?"

"हो."

"मंग असं काहून बसलं?"

"वजन घालायचं राहिलं. उघडून दुरुस्त करतो."

"आता रंगवलेलं कापतं का? राहू दे. थकलं असन."

ते राहिले. मला वाटलं, जमलं. सकाळी ते तलावापर्यंत फिरून यायचे, डेअरीवरून दूध आणायचे, मृणालशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचे. शेजारचे कोणी भेटले तर "जयभीम" घालून गोंदियाची माहिती द्यायचे. पण खुर्चीत बसले की पाच मिनिटांत उठायचे. गॅलरीत जायचे, परत यायचे. मी विचारलं, "झोप लागते ना?" ते म्हणाले, "लागते." मग म्हणाले, "इथं गाडीचा आवाज नाही." मी म्हणालो, हायवेचा आहे की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सुरण पुन्हा बिनचिंचेचा शिजवला होता.

आणि एका दुपारी मृणालचा फोन आला. बाबा घरी नाहीत, फोन लागत नाही. मी ऑफिसातून जो निघालो तो आधी तलाव, मग डेअरी, मग सर्पोद्यानाच्या दारावर. तिथल्या रखवालदाराला वर्णन सांगितलं: पांढरा शर्ट, उंच, जरा वाकलेले, विदर्भाचं बोलतात. तो म्हणाला, "साहेब, बोलल्याशिवाय विदर्भाचे कसे ओळखू?" बरोबरच होतं. मी स्कूटर घेऊन कात्रजच्या गल्ल्या फिरत राहिलो आणि पहिल्यांदा मला कळलं की मी त्यांना त्यांच्या घरातून उपटून आणलंय, आणि कुठं लावायचं ते मला ठाऊक नाही.

दिवेलागणीला बाबा स्वतःच आले. पायात धूळ, चेहरा एकदम ताजातवाना.

"कुठं होता तुम्ही?"

"खडकीले."

"खडकीला? कसे?"

"बसनं. स्वारगेटले बदलली. स्टेशनावर बसलो, गाड्या पाह्यल्या. एक मालगाडी तं अशी लांब, डबे मोजता मोजता चाय थंडी झाली." मग माझं तोंड बघून म्हणाले, "फोनची बॅटरी गेली होती, बाबू."

जेवणं झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. ते खाटेवर बसले होते, समोर ते शेपटीवर बसलेलं विमान. मी इतकी वर्षं फोनवर वळसे घालत बोललो होतो, त्या दिवशी सरळ म्हणालो, "बाबा, इथंच राहा ना. कायमचे."

त्यांनी खाटेवरची चादर नीट केली. मग म्हणाले, "राहीन. मले काय, खडकीचा पास काढून देजो. सून चांगली आहे." आणि पुढे अगदी सहज, भाजीत मीठ आहे का विचारावं तसं, "पण मी इथं राह्यलो, तं तू गोंदियाले कायले येशील?"

मी मान हलवली नाही. या वयात मान हलवायला बरंच काही लागतं.

शेवटी त्यांनी जायचंच ठरवलं. परत जाताना ते पुणे स्टेशनला गाडीच्या खूप आधी जाऊन बसले. इथं गाडी कोल्हापूरहून येते, थोडाच वेळ थांबते, धड रडूही देत नाही. चढता चढता मृणालला म्हणाले, "याले भात घालत जा." मला म्हणाले, "दिवाळीले येजो. अन् ते विमान कापू नको."

घरी येऊन त्यांची खोली उघडली. खाट आवरलेली, चादरीची घडी. आणि कपाटावर कॅनबेरा तिन्ही चाकांवर उभं, नाक समोर, शेपटी वर. वाटी रिकामी होती. त्यांनी सगळ्या शिशाच्या गोळ्या नायलॉनच्या दोऱ्यात जाळ्याच्या काठासारख्या ओवल्या होत्या आणि ती माळ विमानाच्या नाकाभोवती बांधली होती, वर जाळ्याची घट्ट गाठ. मृणाल मागून आली, बघत राहिली. "नथ घातली होय बाबांनी इंग्रजाला?" म्हणाली. मग तिनं कपाटावरची धूळ पुसली, विमान सोडून.

आमच्या मॉडेलवाल्या मंडळींतले एक गृहस्थ मध्यंतरी घरी आले होते. भिंगातून सगळं बघून म्हणाले, "काम उत्तम आहे. पण नाकावर हे काय? असं काही मूळ विमानाला नव्हतं." मी म्हणालो, माझ्या विमानाला आहे. ते म्हणाले, कापून आत घालता येईल, दिसणार नाही. मी म्हणालो, दिसू दे.

विमानं अजून बाहेरच्या खोलीत खोक्यांतच आहेत. बाबांच्या खोलीत ती परत लावायची नाहीत असं कोणी ठरवलं नाही, पण लावलेली नाहीत. आता मीही बाबांसारखा एका खुर्चीत फार वेळ बसत नाही. उठतो, त्या खोलीत डोकावतो, नाक वर गेलं नाही ना बघतो, परत येतो. दिवाळीचं रिझर्वेशन उघडायची वाट बघतोय.

काल फोनवर मागून मालगाडी गेली. आम्ही दोघेही ती जाईपर्यंत गप्प राहिलो. मग बाबांनी विचारलं, "बसलं आहे का रे ते विमान नीट, चाकांवर?"

"बसलंय."

"अन् तू?"

"मी येतोय," मी म्हणालो.