सात बाटल्या अजून बाहेर आहेत

मगदूम सरांच्या घरून फोन आला तेव्हा माझ्या हातांत रबरी मोजे होते, म्हणून तो वाजत राहिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी एक मोजा काढला. काकू म्हणाल्या, "गेले गं. सकाळी चहा मागितला आणि..." अशा वेळी काय म्हणायचं ते मला कधीच सुचत नाही. मी नुसतं "येते" म्हणाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

सर औषध निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे कुरुंदवाडचे, राहायला मंगळवार पेठेत. निवृत्तीनंतर त्यांनी घराजवळच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी औषध-तपासणीचा वर्ग सुरू केला. त्यात आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांतले केमिस्ट असत आणि सरकारी खात्यात नव्याने लागलेले निरीक्षकही. सर दोघांना मुद्दाम एका बाकावर बसवत. सुरुवातीला सगळेच अंग चोरून बसायचो. उद्या जो तपासणीला येणार त्याच्यासमोर आपलं अज्ञान कोण उघडं करील? आणि निरीक्षकांनाही, आपण कारखान्याचं यंत्र कधी जवळून पाहिलेलं नाही, हे आमच्यासमोर कबूल करायचं नसे. सर म्हणायचे, "अरे, ह्याला चोरी पकडता येत न्हाई आणि त्याला औषध करता येत न्हाई. मग लाजताय कुणाला?" वर्ग का काढला हे त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीत असताना त्यांनी एका दुकानातून गोळ्यांचा नमुना उचलला होता. प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग, माणसं कमी. औषध वाईट आहे असा अहवाल आला, पण तोवर दुकानातली शेवटची पट्टीही खपली होती. "माझा कागद बघा, सगळा बरोबर हाय," ते म्हणाले आणि फळा पुसायला वळले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही खोकल्याचं सिरप बनवतो. त्यात औषध विरघळवायला लागणारा एक द्रव पिंपांतून येतो. अगदी त्याच्यासारखंच दिसणारं, स्वस्तातलं दुसरं रसायन त्यात मिसळलेलं असलं तर लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून प्रत्येक पिंप उघडून तपासायचं असा नियम आहे. आमच्याकडची रीत वेगळी होती. एका पिंपातून नमुना काढायचा, तोच पाच बाटल्यांत ओतायचा आणि त्यांवर पाच पिंपांची लेबलं लावायची. आधीच्या केमिस्टनं मला तसं शिकवलं, मी तसं केलं, खाली सही केली. मला ते खोटं वाटलं नव्हतं. आटोपशीर वाटलं होतं.

एका शनिवारी सरांनी विचारलं, "पाच पिंपं आली तर किती उघडता?" सगळे म्हणाले, पाच. मी गप्प होते. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, चारचौघांत मराठी बोलताना मी आजही अडखळते, त्यामुळे माझं गप्प बसणं कुणाला खटकायचं कारण नव्हतं. सरांना खटकलं. "तुझं काय गं?"

"एक," मी म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. माझ्या बाकावर बसलेल्या तरुण निरीक्षक बाई लिहायच्या थांबल्या. आमचा कारखाना त्यांच्याच हद्दीत होता. वर्ग संपल्यावर सर म्हणाले, "दोघीबी चला," आणि आम्ही रिक्षानं थेट कारखान्यात गेलो. मालक हात जोडून पुढे आले. "सर, तुमी आमचं पावणं. पण समदी पिंपं फोडली तर माल खराब व्हतोय की."

"पिंपात खराब झाला तर तुझं नुकसान हाय. बाटलीत झाला तर कुणाच्या पोराचं?"

चौथ्या पिंपाच्या नमुन्यात, तपासणीच्या पट्टीवर, एक ठिपका जास्त उमटला, म्हणजे ते स्वस्तातलं रसायन त्यात होतं. ते पिंप आधीच फोडलेलं होतं. त्यातून एक बॅच निघाली होती आणि तिचे काही खोके दुकानांत गेले होते.

मालकांचं म्हणणं होतं की बोभाटा न करता माल गुपचूप बदलून घ्यावा. निरीक्षक बाईंनी तिथेच बसून अहवाल लिहिला, आणि सरांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "सही तुझी, दुकानदारांना फोन तूच कर. आणि इंग्रजी शब्द घालू नगंस, त्यास्नी वाटंल कंपनीची स्कीम आलीया." पहिलाच दुकानदार खवळला. "काय ओ ताई, गेल्या महिन्यात गळ्यात मारलासा आणि आता परत मागताय? कुणाला काय झालंय काय?" मी सरांकडे पाहिलं. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हाईत न्हाई म्हण. खरं हाय ते."

दोन दिवस मी तेच वाक्य बोलत राहिले. बाटल्या एकेक करून परत आल्या आणि परतीच्या वहीत चढल्या, सात सोडून. त्या गारगोटीच्या एका दुकानातून विकल्या गेल्या होत्या. खोकल्याच्या औषधाचं बिल कोण मागतं? नाव नाही, गाव नाही. सर माझ्याबरोबर दोनदा तिकडे आले. बाजाराच्या दिवशी रिक्षावर कर्णा लावून फिरलो. तेव्हाच त्यांना चार पावलांवर धाप लागत होती. कुठून काही वाईट कळलं नाही. पण कळलं नाही म्हणजे घडलं नाही, असं मानायची सवय सरांनी आमच्यात राहू दिली नव्हती.

सर शेवटचे भेटले ते दवाखान्यात. हृदय थकलं होतं. नाकाला नळी होती. त्यांनी विचारलं, "त्या सात?"

"मिळाल्या, सर."

"सातीबी?"

"हो."

"कुणाच्या घरात हुत्या?"

मी त्यांच्या पांघरुणाची कड सारखी करायला लागले. ते माझ्याकडे बघत राहिले... मग त्यांनी पाणी मागितलं. मी निघाले तेव्हा म्हणाले, "बोललीस ते बोललीस. वहीत लिहू नगंस मातर."

गेल्या आठवड्यात मालक म्हणाले, "किती दिस ठेवायची ती वही? बंद करूया की आता." मी नको म्हणाले. मोठ्यानं म्हणाले असावे, कारण पॅकिंगच्या बायका वळून बघायला लागल्या. वहीच्या शेवटच्या पानावर सात ओळी आहेत. कुणाकडे मिळाली, कधी परत आली, उघडलेली होती का... हे रकाने सरांनी स्वतः पट्टीनं आखले होते. एका ठिकाणी पट्टी सरकलेली दिसते. मी बाजाराच्या दिवशी ती वही घेऊन गारगोटीला जाते. दुकानदार मला रस्त्याच्या पलीकडे पाहूनच मान हलवतो. मी तरीही रस्ता ओलांडते आणि विचारते.