फितीवरच्या सहा रेघा

काल यवतमाळात शिंप्याने कोरी फीत माझ्या छातीभोवती गुंडाळली. मेणकापडाचा उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट कळंबच्या त्या जुन्या भरतीत जाऊन उभा राहिलो.

चौकीदार घेणार होते. छाती ब्याऐंशी सेंटिमीटर हवी होती. माझा मोठा भाऊ, संपतदादा, उघड्या अंगाने उन्हात उभा होता. भरती घेणाऱ्या कारकुनाच्या, बाबूच्या, हातात अशीच नवी फीत होती. तिच्यावर दहा-दहाला आकडा, मधे नुसत्या रेघा. बाबू वाकून म्हणाला, "ऐंशी अन् सहा सूत. एक्क्याऐंशीही भरत नाही. हो बाजूले."

"साहेब, श्वास भरून दाखवू काय?"

"कायले? चौकीदारी कराची हाय, शंख नाही फुंकाचा."

सगळी रांग हसली. दादाने सदरा घातला आणि पुढे हिवाळाभर पहाटे उठून दंड काढले.

काल शिंपी सहज बोलला, "नव्वद अन् दोन रेघा, म्हंजे ब्याण्णव." माझं डोकंच फिरलं. एक रेघ म्हणजे अख्खा सेंटिमीटर. बाबूने ती इंचाच्या सुतासारखी, आठव्या हिश्श्यासारखी वाचली होती. दादाची छाती शहाऐंशी होती.

इंच जाऊन सेंटिमीटर आले तेव्हा नव्या मापांच्या जाहिराती भिंतोभिंती चिकटवल्या, पण ज्याच्या हाती फीत दिली त्याला ती वाचायला कोणी शिकवलं नाही. आणि त्याची शिक्षा उन्हात उभ्या माणसाने भोगायची, हा कुठला न्याय?

संध्याकाळी घरी जाऊन दादाला सगळं सांगितलं.

"म्हंजे मी कमी नव्हतो," तो म्हणाला.

भरतीचं त्याचं वय यंदाच उलटलं आहे.