कापड्याच्या ओटीवर हौसामावशी

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात चाललेय म्हटल्यावर मैत्रिणींनी लगेच शंख-शिंपल्यांची ऑर्डर दिली. तर आधीच सांगून टाकते, या प्रवासात समुद्र नाही. पुण्याहून वरंध घाटाने महाड, तिथून पोलादपूर आणि मग आत कापडे. लाटा हव्या असतील त्यांनी दुसरा ब्लॉग गाठावा.

जायचं कारण नंदा, माझी रूममेट. आम्ही दोघी तेव्हा पुण्यात चित्रकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तिचे वडील, म्हणजे आप्पा, गावाकडे शाळेत गुरुजी. मुलगी शिकून ड्रॉइंग टीचर होणार, या समजुतीवर त्यांनी तिला धाडलेलं. झालं काय, तिचा एक चुलतभाऊ आमच्या वार्षिक प्रदर्शनात चक्कर टाकून गेला आणि गावात जाऊन सांगून बसला, की तिथे बायकांना उघडं बसवतात आणि पोरींकडून चित्रं काढून घेतात. बरं, खोटं काहीच नव्हतं. आम्ही त्याला लाइफ स्टडी म्हणतो. माणसाचं शरीर काढायला शिकायचं तर माणूस समोर बसवावा लागतो. पण हे गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर कसं समजावणार? आप्पांचा निरोप आला: दिवाळीला येताना चित्रं घेऊन ये, सगळी. पुढच्या वर्षाचं मग बघू.

या ‘मग बघू’चा अर्थ नंदाला चांगला ठाऊक होता. तिच्या मोठ्या बहिणीचं कॉलेज असंच एका ‘मग बघू’त राहून गेलं होतं. मी आपला शहाणपणाचा सल्ला दिला, की निसर्गचित्रं ने आणि कोळशाने काढलेली ती सगळी चित्रं कॉटखाली सरकव. ती चित्रं गुंडाळायला बसली. मला वाटलं, पटलं असेल.

स्वारगेटहून सकाळची महाड एसटी धरा, उशिराची नको, घाटात ऊन डोक्यावर येतं. आमच्याकडे चित्रांची गुंडाळी ठेवलेला, दोन्हीकडे टोपणं लावलेला नळाचा भलामोठा पाइप होता. चित्रकलेची पोरं सगळी असाच पाइप घेऊन हिंडतात. कंडक्टरने तो बघून कुठे नळ बसवायला निघालात म्हणून विचारलं आणि वर तो पाइप आपल्या सीटमागे नीट उभा करून दिला. भोरपर्यंत उभ्याने आलो, पुढे खिडकी मिळाली. घाटात खिडकीवरून भांडू नका, वळणं अशी आहेत की दरी दोन्ही बाजूंना वाटून येते. पावसाळा सरून गवत पिवळं पडू लागलेलं आणि खाली भाताची खाचरं कापून मोकळी झालेली.

माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी गाडी चहाला थांबते. तिथली कांदाभजी खाल्ल्याशिवाय खाली उतरलात तर प्रवास फुकट गेला म्हणून समजा. माकडांकडे लक्ष ठेवा, माझी अर्धी प्लेट त्यांनीच संपवली. मी त्यांच्यावर ओरडत असताना नंदा शांतपणे म्हणाली, की पाइपात कोळशाची चित्रंही आहेत.

माकडं सोडून मी तिच्याकडे वळले. अगं, वेड लागलंय का तुला? आप्पांच्या पुढ्यात ती चित्रं ठेवणार?

"भिंतीवर टांगून अख्ख्या पुण्याला दाखवली," ती म्हणाली. "आता आप्पांपासून लपवली तर त्यात काहीतरी वाईट आहे, असं मीच म्हटल्यासारखं होईल."

मी घाट उतरेपर्यंत रागावून बसले.

महाडच्या अलीकडे शिवथरच्या फाट्यावर उतरलो. घळीपर्यंत शेअर जीप मिळते, फक्त ती भरेपर्यंत दम धरावा लागतो. घळ गार आणि अंधारी, धबधबा बारीक झाला तरी बोलणं ऐकू येत नव्हतं. जलरंगवाल्यांना एक सूचना: तिथे कागद वाळत नाही. माझं आकाश ओघळून शेतात उतरलं. नंदाने त्या दिवशी स्केचबुक उघडलंच नाही. पायऱ्यांवर पाइप मांडीवर घेऊन बसून राहिली. तिला बघून माझा राग कुठच्या कुठे गेला आणि नुसती भीती वाटायला लागली.

महाडला एसटी स्टँडजवळ बांगड्याची थाळी खाल्ली. झणझणीत, पोटभर आणि खिशाला परवडणारी. मुंबईकडून येणाऱ्यांनी रेल्वेने वीरला उतरावं, तिथून महाडला रिक्षा मिळतात. पोलादपूरला कापड्याची एसटी आमच्या डोळ्यांदेखत सुटली, म्हणून मिनीडोर रिक्षात स्वतःला कोंबून घेतलं. घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. काकूंनी, म्हणजे नंदाच्या आईने, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. आप्पा माझ्याशी छान बोलले. चित्रांचा विषय कोणी काढला नाही, आणि तेच जास्त जड जात होतं.

सकाळी अंगणात झोडलेल्या भाताची रास पडलेली, म्हणून चित्रं घरापुढच्या ओटीवर मांडली. गुंडाळीतले कागद सारखे वळायचे. काकूंनी त्यांच्या कोपऱ्यांवर नारळ, अडकित्ता, भात मोजायची पायली, मिळेल ते ठेवलं. आप्पांनी निसर्गचित्रं बघितली, छान आहेत म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, "सगळी?"

नंदाने पाइप उलटा केला.

हौसामावशी बाहेर आल्या. आमच्या कॉलेजच्या मॉडेल. कित्येक वर्षं येतात, आमच्या काही सरांनीही विद्यार्थी असताना त्यांनाच काढलंय. पाठमोऱ्या, उघड्या पाठीने स्टुलावर बसलेल्या. कागदामागून कागद. आप्पांनी मान वळवून अंगणाकडे बघायला सुरुवात केली. मी जमिनीत गडप व्हायची वाट बघत होते.

काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून जवळ आल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"हिला लुगडं नाय काय गो?"

नंदा म्हणाली, आहे, पडद्यामागे खुंटीला असतं. काम झालं की मावशी नेसतात, चहा पितात आणि आमच्यातलं कोण जेवलं नाही ते बघून रागावतात. या कामाच्या पैशांवर त्यांनी दोन मुलं शिकवली. नंदा हळूहळू बोलत होती आणि काकू ऐकताना चित्रावरची नजर काढत नव्हत्या.

"आन् थंडीत?"

"हीटर असतो. पुढून ऊब लागते, पाठ गारच राहते."

"पाठ आखडलीच हाय तिची. दिसतंय ना," काकू म्हणाल्या.

हे ऐकून आप्पा वळले. पुन्हा चष्मा लावला. कडेला छोटासा खांदा वेगळा काढलेला होता, तो कोणी काढला म्हणून विचारलं. सरांनी, नंदा म्हणाली, माझा चुकला होता. पुढच्या कागदावरही कडेला सरांचा खांदा होता, त्याच्या पुढच्यावर अगदी लहान दुरुस्ती, आणि नंतर नाहीच. आप्पांनी स्वतः ओणवं होऊन ते कागद क्रमाने लावले. जन्मभर वह्या तपासलेला माणूस, दुरुस्तीवरून त्यांची नजर हलेना.

"चुकलेली पण ठेवतेस?"

"ठेवावीच लागतात, आप्पा. परीक्षेला तीही बघतात."

"मी पोरांना हेच सांगत आलो," ते म्हणाले. "खोडू नका, शेजारी पुन्हा लिहा." मग नंदाकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या वर्षीचं प्रदर्शन कधी आहे ते मला आधी कळव. दुसऱ्याकडून कळायला नको."

नंदा मागच्या दारी जाऊन रडली. मी धीर द्यायला गेले आणि तिच्यापेक्षा जास्त रडले.

परतताना पाइपाशिवाय एक बोचकंही होतं. काकूंनी जुन्या लुगड्यांची जाड गोधडी दिली होती, हौसामावशींसाठी. कंडक्टरने तिला सामानाचं तिकीट लावलं, ते मी आनंदाने काढलं. मावशींनी ती विश्रांतीच्या वेळी पाठीवर घ्यायला सुरुवात केली आणि आजतागायत कोणाला हात लावू दिलेला नाही.

आज हे लिहितेय, कारण काल आमचं शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन होतं. शिवथरचं माझं ओघळलेलं आकाशही मी लावलं होतं, कोणी त्याच्यापुढे थांबलं नाही. आप्पा आणि काकू मात्र कापड्याहून आले होते. आप्पा चष्मा सावरत एकेका चित्रापुढे उभे राहत होते. हौसामावशी व्हरांड्यात चहा पीत होत्या, आमच्याकडे पाठ करून, नीट साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. काकूंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि आम्ही अजून ओळख करून दिलेली नव्हती. तरी चालता चालता काकू थांबल्या, सरळ त्यांच्यामागे गेल्या आणि खांद्यावर हात ठेवला.

"गोधडी पुरते ना गो बाय?"